रविवार खंडोबाचा, गुरुवार विजेचा

 

आजच्या व्याख्यानाचा विषय छापलाय तो असा : ‘कर्मचाऱ्याचं स्वास्थ्य, घर आणि देवधर्म यांचा आधार’. विषय गोड आहे. इतका गोड की त्यावर कुणी वाद घालणार नाही. घरी सुख असेल, देवावर श्रद्धा असेल, तर माणूस कामावर खूश राहतो, याला नाही कोण म्हणेल? पण ज्यावर कुणीच वाद घालत नाही अशा वाक्याकडे जरा संशयाने बघावं, ही आमची जुनी खोड आहे. सुप्यासारख्या ठिकाणी तर बघायलाच हवं. पुणे–नगर हमरस्त्यावरचं हे गाव. एका बाजूला एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड, जपानी कंपन्यांसाठी राखलेला पट्टा, दुसऱ्या बाजूला कांद्याची वावरं, आणि मधे भाड्याच्या खोल्या. घर, देव आणि कंपनी ही तिन्ही इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

आधी या वाक्याचं शास्त्र काय म्हणतं ते बघू. व्यवस्थापनाच्या अभ्यासात फार दिवस उलटा सूर होता. १९८५ साली ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अमेरिकन अभ्यासकांनी काम आणि कुटुंब यांच्या भांडणाची मांडणी केली. वेळ एकच, तो इकडे द्यायचा की तिकडे, हे पहिलं भांडण. एकीकडचा ताण दुसरीकडे वाहून जातो, हे दुसरं. आणि तिसरं वागण्याचं : सुपरवायझर म्हणून जसं बोलावं लागतं तसं घरी बोललं तर घर टिकत नाही. ही मांडणी तुम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही, नाइट करून घरी आलेल्या कुणालाही विचारा. मग २००६ मध्ये त्याच ग्रीनहाउस यांनी पॉवेल यांच्याबरोबर दुसरी बाजू मांडली. काम आणि कुटुंब हे वैरीच असतात असं नाही, ते सोबतीही असतात. एका भूमिकेत मिळालेलं दुसरीकडे उपयोगी पडतं : कौशल्य, मनाची आणि शरीराची ताकद, ओळखीपाळखी, वेळेची लवचिकता आणि सरळ पैसाअडका.

मांडणी चांगली आहे. आमचा आक्षेप तिच्यावर नाही, तिच्या वापरावर आहे. मुळात ती दुहेरी आहे. घर कामाला देतं आणि काम घराला देतं, दोन्ही दिशांनी रस्ता चालू. आमच्याकडे ट्रेनिंग हॉलच्या पडद्यावर ती येते तेव्हा रस्ता एकेरी झालेला असतो. घराने कामगाराला शांत ठेवावं, देवाने त्याला समाधानी ठेवावं, आणि असा शांत, समाधानी माणूस सकाळी सातला पंच करून आत यावा. कंपनीने घराला काय द्यावं, हा भाग स्लाइडवर नसतो.

सुप्यात घर काय काय देतं याची यादी करायला बसलो तर दिवस जाईल. तरी थोडं सांगू. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा पहाटे होतो. तो कोण करतं, हे आपण नंतर बघू. कंत्राटावरचं काम काही महिन्यांनी थांबतं. त्याला इथे ‘ब्रेक’ म्हणतात, जणू चहाला सोडलंय. त्या ब्रेकमध्ये पोरगं खातं कुठे? घरी. भाऊ शेतीत असतो, ज्वारी घरची असते, कांद्याचे चार पैसे येतात न येतात. म्हणजे बेकारी भत्ता देणारं खातं आपल्याकडे आहे, फक्त ते सरकारात किंवा कंपनीत नसून चुलीपाशी आहे. नोकरी लागली तीसुद्धा बहुतेक वेळा कुणा मामाच्या, मेव्हण्याच्या शब्दावर. आजारपणात दवाखान्यात रात्री बसायला कोण असतं? ईएसआयचं कार्ड असलं तरी उशाशी माणूस लागतं, आणि कार्डाला ते येत नाही. बीड-परभणीकडून किंवा बिहारमधून एकट्याने आलेल्या, एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या पोरांना हे सगळं नसतं. ते नसणं काय असतं, हे तापात पडल्यावर कळतं.

तेव्हा आधार खरा आहे. त्यात आम्हाला शंका नाही.

देवाधर्माचंही तसंच. इथे लोक लगेच दोन गट करतात. एक म्हणतो श्रद्धेने मन:शांती मिळते, दुसरा म्हणतो ही अफूची गोळी. आम्हाला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. एमिल दुर्खाइम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने १८९७ मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांमध्ये आत्महत्या जास्त का, असा त्याचा एक प्रश्न होता. आत्महत्या वाईट हे दोन्ही पंथ सांगतात, म्हणजे शिकवणीत फरक नाही. फरक आहे तो माणसांना बांधून ठेवण्यात. ज्या धर्माने माणसं एकमेकांत जास्त गुंतवून ठेवली, तिथे माणूस कमी तुटला. कुटुंबाचंही त्याने तेच सांगितलं.

हे फ्रान्समधलं झालं. इथे बघायचं तर अखंड हरिनाम सप्ताह बघा. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती वीणा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्यासाठी पहारे लावलेले असतात, कुणाचा पहारा किती वाजता याची यादी देवळात लागते. आता ही सरळ सरळ पाळीची यादीच झाली की! अखंड चालणारं काम, रात्रीची पाळी, पुढचा आल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. कारखान्यात जे माणसाला पिळतं, तेच रूप देवळात माणसाला उभं करतं. असं का व्हावं?

आम्हाला दिसतं ते असं. देवळाच्या यादीत नाव असतं, टोकन नंबर नसतो. पहारा बदलून घेता येतो. ‘दादा, माझी सेकंड आहे, मला पहाटेचं द्या’ म्हटलं की मिळतं. पहारा संपला की वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वयाने कुणी कितीही मोठा असो. आणि शेवटच्या दिवशी पंगतीला सगळे असतात. यातली एकही गोष्ट अध्यात्माची नाही म्हटलं तरी चालेल. यादी लावण्यात माणसाला विचारलं जातं आणि काम झाल्यावर त्याचा मान ठेवला जातो, इतकंच. हे कारखान्यात करायला देव लागत नाही.

आता खंडोबाकडे येऊ, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे.

आठवड्याची सुट्टी आपल्याला कुणी दिली? मुंबईतल्या गिरण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात सुट्टी ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ज्या मागण्या ठरल्या त्यात रविवारची पुरी सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी होती, पगार वेळेवर मिळावा हे होतं, कामावर जखमी झालेल्याची सोय व्हावी हेही होतं. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायांनी भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? साहेबाचा चर्चचा वार म्हणून, असं आपण धरून चालतो. पण लोखंड्यांचा युक्तिवाद सांगितला जातो तो वेगळा : रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. त्याच्या दैवताचा दिवस त्याला मिळावा. हा युक्तिवाद एका सत्यशोधकाने करावा, यात विरोधाभास वाटेल. तो नाही. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी म्हटलंय. म्हणजे त्यांच्या दृष्टीने खंडोबा हा भटाच्या पोथीतला देव नव्हता, कुणब्याचा स्वतःचा माणूस होता.

इथे धर्म कामगाराच्या स्वास्थ्याला कसा उपयोगी पडला बघा. ‘देवाचं नाव घे म्हणजे तेरा तासांचा शीण जाईल’ असं लोखंडे म्हणाले नाहीत. देवाचा वार आहे, तेव्हा गिरणीचा भोंगा बंद ठेवा, असं म्हणाले. धर्म सहन करण्यासाठी वापरता येतो, तसा घड्याळ अडवण्यासाठीही वापरता येतो. स्वास्थ्यावरच्या आजच्या सगळ्या बोलण्यात पहिला वापर भरभरून आहे. दुसरा कुठे दिसत नाही.

आपल्याच पारनेर तालुक्यात, पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पूर्वी मुंबईला गिरणीत गेलेली इथली माणसं यात्रेला गावी यायची. आज सुप्यातल्या कामगाराला यात्रेची सुट्टी मिळते का? ज्याला मिळते त्याला मिळते. कायमवाल्यांना अर्ज करता येतो. कंत्राटवाल्याला खाडा पडतो, आणि खाडा म्हणजे पगारही गेला आणि महिन्याचा हजेरी बोनसही गेला.

आणि रविवारचं काय झालं? १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा सुट्टीचा धरला होता. पण आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत दुसरी सुट्टी देऊन रविवारी काम घेता येत होतं. पिंपरी-चिंचवडला वर्षानुवर्षं औद्योगिक सुट्टी गुरुवारची राहिली. कारण काय, तर विजेचा भार आठवडाभर वाटून टाकायचा म्हणून. लोखंड्यांनी खंडोबाच्या नावावर मिळवलेला वार वीज मंडळाच्या सोयीने हलला. चला, दिवस तर मिळतोय ना, असं म्हणता येईल. पण पोरांची शाळा रविवारी बंद, लग्नाची बोलणी रविवारी, दशक्रियेला पाहुणे जमायचे ते शक्यतो रविवारी. गुरुवारी बाप घरी असतो तेव्हा घर रिकामं असतं. सुट्टी मोजली तर बरोबर भरते, पण ज्या माणसांसाठी ती हवी ती माणसं त्या दिवशी नसतात. कुटुंबाच्या आधाराची भाषा करणाऱ्याने आधी हे कॅलेंडर उघडावं.

आता आधाराच्या दुसऱ्या बाजूचं बोलायला हवं, नाहीतर आम्ही पण गोडच बोलतोय असं होईल.

जवळच राळेगणसिद्धी आहे. सैन्यातून परतल्यावर अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं पडकं देऊळ उभं केलं आणि गावाचं काम तिथून सुरू झालं, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. देऊळ हे गावाची बसायची जागा झालं म्हणून पाणलोटाचं, श्रमदानाचं काम झालं. पण त्याच गावात दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारलं जायचं, हे अण्णांनी स्वतः लपवलेलं नाही. जो समाज तुम्हाला धरून ठेवतो त्याची मूठ आवळतेही. सप्ताहाच्या पंगतीत सगळे असतात असं आम्ही आत्ताच म्हणालो. पण वर्गणी न देणाऱ्याचं काय होतं? परजातीत लग्न केलेल्याचं? खोलीवर राहणाऱ्या परप्रांतीय पोराला वीणेचा पहारा कोण देतं? हे प्रश्न धर्माच्या विरोधात नाहीत. ज्याला आधार म्हणून मोजायचं, त्यात कोण बसत नाही हेही मोजायला हवं, एवढंच आमचं म्हणणं.

आपल्या संतांच्या गोष्टींना हे सगळं ठाऊक होतं. गंमत अशी की प्रेरणादायी व्याख्यानात या गोष्टी नेमक्या अर्ध्या सांगतात. सावता माळ्याने मळ्यात विठ्ठल पाहिला, तसं तुम्ही मशीनमध्ये देव बघा! ठीक आहे. पण मळा सावतोबांचा होता, मशीन तुमचं नाही. आणि गोरोबांची गोष्ट का नाही सांगत? गोरा कुंभार नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि त्यांचं रांगतं लेकरू त्याच चिखलात तुडवलं गेलं. काम, भक्ती आणि घर ही तिन्ही एका खड्ड्यात आणणारी याहून भयंकर कथा आम्हाला माहीत नाही. कथेत पुढे विठ्ठल लेकरू परत देतो. पण ज्यांनी ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना कामात आणि भक्तीत दंग झालेल्या माणसाच्या घरी काय होऊ शकतं याची भीती होती, हे नक्की. तुकोबांची आवली घ्या. कीर्तनकार तिला कजाग करून लोकांना हसवतात. ती दुष्काळातल्या घरात पोरं सांभाळत होती आणि भाकरी घेऊन डोंगर चढत होती. तुकोबांच्या स्वास्थ्याला घराचा आधार होता म्हणायचं, तर तो आधार म्हणजे ही बाई.

आणि जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी. तिच्याबरोबर देव जात्यावर बसतो, याहून सुंदर कल्पना मराठीत शोधून सापडायची नाही. राबणाऱ्या बाईच्या शेजारी बसून देवाने खुंटा धरला. हे सांत्वन खोटं म्हणायची आमची तयारी नाही. पण देव आला तरी दळण कमी झालं नाही, ते दोघांत वाटलं गेलं. आणि उरलेल्या घरातलं कुणी जात्यावर बसल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

म्हणून तो डबा. पहाटेचा डबा कोण करतं हा प्रश्न आम्ही मागे ठेवला होता. आर्ली होशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ च्या पुस्तकात नोकरी करणाऱ्या बाईच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटलं. सुप्याच्या कंपन्यांत असेंब्लीच्या लाइनवर मुली आणि बायका उभ्या असतात. त्यांच्या बाबतीत ‘कुटुंबाचा आधार’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. पुरुष कामावरून घरी जातो, बाई कामावरून कामावर जाते. दुर्खाइमलाही हे अर्धवट दिसलं होतं. लग्नाने पुरुषाला जेवढं सावरलं तेवढं बाईला सावरलं नाही, हे त्याच्याच आकड्यांतून निघालं. मूल नसलेल्या विवाहितेला तर त्या काळच्या फ्रान्समध्ये लग्न महागातच पडत होतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्वाची रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. ज्या कंपनीत वेलनेसचं सत्र होतं तिथे पाळणाघर कुठे आहे, हे सत्र संपल्यावर विचारून बघा. बापासाठी तर खासगी क्षेत्रात कायद्याने रजाच नाही. बाळ झाल्यावर त्याने घरच्या आधारात भर घालायची ती नाइट संपवून.

गिरणगावाने हा हिशेब एकदा मांडला होता. गिरणी कामगाराला जेवण घालणाऱ्या खाणावळी बाया चालवायच्या. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्या पुरुषांना त्या घरासारखं जेवण द्यायच्या, पैसे पगारानंतर. म्हणजे गिरणी चालत होती ती या बायांच्या उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आधाराला नुसता नमस्कार न करता त्याला काम मानलं, भांडवल दिलं. आम्हाला या विषयात याच्याइतकं शहाणपणाचं पाऊल दुसरं दिसत नाही.

आणि पुढे जेव्हा कामच गेलं? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक त्या नंतरच्या एका घराचं आहे. चाळीतली खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. प्रेम आहे, सणवार आहेत, आईची जिद्द आहे. तरी घर आतून फाटत जातं. हे नाटक नुसतं गिरणीचं म्हणून बघू नये. घराच्या आधाराला मर्यादा असते आणि ती कुठे संपते, हे त्यात दिसतं. काम नीट असेल तर घर त्याला साथ देतं. काम माणसाला झिजवत किंवा टाकून देत असेल, तर घर ती झीज काही काळ अंगावर घेतं आणि मग घरालाच तडा जातो.

हे आज बोलण्याचं कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेणाऱ्या बदलाला मान्यता दिली. जादा कामाला जादा पैसे, कामगाराची संमती, हे त्यात आहे. पण सुप्यात बारा तास म्हणजे बस धरून चौदा. हरिपाठाला संध्याकाळी देवळात बसणारा माणूस कमी होणार, वीणेच्या पहाऱ्याची यादी म्हाताऱ्यांनी भरणार. पोराचा अभ्यास घ्यायला बाप नसणार. मग त्याच बापाला ट्रेनिंग हॉलमध्ये सांगितलं जाईल की कुटुंबाला वेळ द्या, अध्यात्माकडे वळा, ताण कमी होईल. संमतीचा कागद समोर आला तर सही करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. कंत्राटावरचा माणूस नाही म्हणू शकतो का, हे तुम्ही आम्हाला सांगा.

कुणी विचारेल, मग कंपनीने काय करावं, सप्ताह भरवावा का? कृपा करून नको. कंपनीच्या आवारात सत्यनारायण झाला की तिथे कोण आलं आणि कोण नाही याची नोंद होते, आणि मुसलमान किंवा बौद्ध कामगार हात बांधून कडेला उभा राहतो. यात्रेची एक सुट्टी, ज्याला जी हवी ती, खाडा न धरता द्यावी. पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावावं आणि आपापसात बदलू द्यावं. महिन्यातून एक तरी रविवार सगळ्यांना मिळावा. देऊळ आणि घर आपलं काम करायला समर्थ आहेत, त्यांना फक्त माणूस शुद्धीवर असताना मिळायला हवा.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइनवाल्यांनी खाली लिहावेत. इथे समोर सेकंड शिफ्टची मंडळी दिसतायत. त्यांची बस लवकर आहे, तेव्हा आधी त्यांना विचारू द्या.